मदत नको, भरपाई द्या

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठा फलक लावू नये असा नियम असताना हा १२० बाय १२० फुटांचा होता, म्हणजे क्षेत्रफळाने नियमाच्या नऊपट. तो काही रातोरात उगवला नव्हता. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. जमीन लोहमार्ग पोलिसांची, शहर महापालिकेचे. फलक पडल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाखांची मदत जाहीर केली.

या मदतीची मला चीड आहे. कुटुंबाच्या हातात पैसे पडू नयेत असे मी म्हणत नाही. पण मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि भरपाई हे देणे असते. मदत देताना चूक कोणाची हे ठरवावे लागत नाही, आणि सत्तेवरच्यांना नेमके तेच हवे असते. पैसे तुमच्या-माझ्या करातून जातात. ज्याने डोळे मिटून फाइलवर सही केली, त्याच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. धनादेश देतानाचा फोटो छापून येतो आणि प्रकरण संपते.

हलगर्जीपणाचा कायदा समजायला अवघड नाही. न्यायालय चार गोष्टी पाहते. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती का? ती घेण्यात त्याने कसूर केली का? त्या कसुरीमुळेच इजा झाली का? आणि नुकसान किती झाले? हे सिद्ध झाले की भरपाई द्यावीच लागते. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ हा बचाव इथे चालतच नाही. समंजस माणसाने जेवढी खबरदारी घेतली असती तेवढी घेतली का, एवढाच प्रश्न असतो.

दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा दोष आत दडलेला होता, वरून दिसत नव्हता, असा बचाव पालिकेने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो फेटाळला. मनोरा ८० वर्षांचा होता आणि वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचे आयुष्य फार तर ४० ते ४५ वर्षांचे होते. रस्त्यालगतची इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती तपासत राहायलाच हवी, आणि असा मनोरा पडतो तेव्हा पडणे हाच कसुरीचा पुरावा, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, १४ मार्च २०१९ रोजी, मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडून ७ जणांचा जीव गेला. त्याची तर तपासणी झालेली होती, आणि किरकोळ दुरुस्ती केली की पूल वापरायला हरकत नाही, असा शेरा कागदावर होता. कर्तव्य केल्याचा कागद म्हणजे कर्तव्य नव्हे, हे आमच्या यंत्रणेला आणखी किती मृतदेह दाखवून पटवायचे?

मी नुकसानभरपाईचे दावे चालवतो. खड्ड्यात पडून मेलेल्या दुचाकीस्वाराचा पंचनामा कसा असतो, ते सांगतो. घटनास्थळ डांबरी रस्ता, पूर्व-पश्चिम, उत्तरेस किराणा दुकान. गाडीचा पुढचा इंडिकेटर फुटलेला, हँडल वाकलेले, रक्ताचा डाग दुभाजकापासून इतक्या फुटांवर. सगळे टेप लावून मोजलेले असते. खड्ड्याची मात्र लांबी नाही, रुंदी नाही, खोली नाही. कित्येकदा खड्ड्याचा उल्लेखच नाही. फिर्यादीत ठरलेले वाक्य असते: मयत आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. मेलेला माणूस आरोपी! विमा कंपनी तोच कागद पुढे करून म्हणते, चूक त्याचीच होती, आम्ही का द्यावे? तोवर ठेकेदार खड्ड्यात खडी टाकून जातो आणि पुरावा बुजतो.

मग लोक विचारतात, हेल्मेट होते का? विचारा, जरूर विचारा. जखमीचीही काही चूक असेल तर न्यायालय तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी करते. पण त्याच्या चुकीने रस्ता राखणाऱ्याची चूक पुसली जात नाही. एवढी साधी गोष्ट आपण मेलेल्या माणसाला दोष देण्याच्या घाईत विसरतो.

कायद्यातही पळवाटा ठेवल्या आहेत. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ५२७ प्रमाणे पालिकेवर दावा करायचा तर आधी लेखी नोटीस देऊन महिनाभर थांबायचे आणि घटनेपासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. ज्याची मांडी मोडून सळई घातली आहे तो माणूस ६ महिने धड उभा राहू शकत नाही, आणि कायदा त्याला म्हणतो, मुदत संपली. रस्त्याची सदोष बांधणी किंवा देखभाल यामुळे माणूस मेला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८ अ प्रमाणे दंड किती? जास्तीत जास्त १ लाख. कोट्यवधींचे काम घेणाऱ्या ठेकेदाराला या आकड्याची भीती वाटेल, असे ज्यांना वाटले त्यांनी ठेकेदार पाहिलेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे बरेच ओळखले. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू आला तर वारसांना ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, आणि ही रक्कम जबाबदार ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे याच न्यायालयाने २०१५ साली सांगितले होते. म्हणजे हक्क सांगितल्यावर त्याची किंमत ठरायला दहा वर्षे गेली. आता तरी वसुली खरोखर अधिकाऱ्याच्या खिशातून होते की पुन्हा करदात्याच्या, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

म्हणून वाचकहो, घरात असा प्रसंग आला तर रडून झाल्यावर लगेच कामाला लागा. त्याच दिवशी खड्ड्यात टेप धरून फोटो काढा. जबाब देताना रस्त्याची अवस्था लिहून घ्यायला लावा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची बिले, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आधी कोणी खड्ड्याची तक्रार केली असेल तर तिचा आवक क्रमांक मिळवा, कारण पालिकेला माहीत होते हे त्याच क्रमांकाने सिद्ध होते. ६ महिन्यांची मुदत दारावर लिहून ठेवा. पुढारी धनादेश घेऊन आला तर घ्या, पण दावा सोडू नका. ज्याच्या हलगर्जीपणाने तुमचे माणूस गेले तो तुमचा उपकारकर्ता नाही, देणेकरी आहे. त्याच्याकडून शेवटच्या रुपयापर्यंत वसूल करा.