विळ्याने अडवला हिवताप

दोस्तांनो, नारायण पेठेत, मुठेच्या काठी राहणाऱ्यांना डास काही नवे नाहीत. फटकन हात मारायचा नि पुन्हा अभ्यासाला लागायचं! पण याच चिमुकल्या प्राण्यापायी माणसाचं रक्तसुद्धा बदललंय, असं सांगितलं तर? थाप नाही बरं का! त्यासाठी जाऊ या आपल्याच राज्याच्या दोन टोकांना, गडचिरोलीला आणि नंदुरबारला.

या जंगलपट्ट्यांत गोंड, माडिया, भिल्ल, पावरा हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. इथला हिवताप, म्हणजे मलेरियाही तितकाच जुना. ॲनॉफिलिस डासाची मादी चावली, की हिवतापाचे परजीवी रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशींत घर करून वाढतात. पूर्वी याने सगळ्यांत जास्त बळी घेतले ते लहान मुलांचे.

आता गंमत बघा. तांबडी पेशी असते गोल, मधे अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी. इथल्या काही लोकांच्या हिमोग्लोबिनमध्ये मात्र एक बारीकसा फरक असतो. परजीवी आत शिरला, की त्यांची पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि प्लीहा तिला मोडीत काढते. परजीवीचं घरच गेलं! म्हणून आई किंवा बाबा, एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या मुलाला हिवताप झाला, तरी तो सहसा जिवावर बेतत नाही. अशी मुलं जगली, मोठी झाली, त्यांनाही मुलं झाली आणि जनुक पसरत गेलं. आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त तपासून हे कोडं १९५४ साली अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने उलगडलं.

पण ही ढाल फुकटची नाही! आई आणि बाबा, दोघांकडूनही तेच जनुक आलं, तर होतो सिकलसेल आजार. मग पेशी हिवताप नसतानाही वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य दुखतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १०-२० दिवस. म्हणून रक्त कमी पडतं, दम लागतो.

हा काही फक्त आदिवासींचा आजार नव्हे. विदर्भातल्या इतर समाजांत, ग्रीसमध्ये, अरबस्तानातही तो आढळतो. सिंधी समाजात दिसणारं थॅलेसेमियाचं जनुकही हिवतापाशी झुंजतानाच टिकलं. रक्तावर जात लिहिलेली नसते. पूर्वज कुठल्या संकटातून तरले, त्याची खूण तेवढी असते. मग त्यात लाजायचं काय?

तरीही लग्न मोडेल या भीतीने पुष्कळ जण तपासणीच टाळतात. पालकहो, जनुक एकाकडेच असलं, तर काळजी नाही. दोघांकडे असलं, तर मात्र प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे आधी कळलेलं बरं ना? १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यातही तपासणीवरच भर आहे.

आणि दोस्तांनो, सिकलसेल असलेला एखादा मित्र खेळता खेळता थकून बसला, तर त्याला आळशी म्हणू नका. हा आजार शेजारी बसून, एका डब्यात जेवून होत नाही. त्याला पाण्याची बाटली द्या आणि खुशाल शेजारी बसा.