हिमरू विणला जातो, पण तो शिवणार कोण?

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे नाव घेतले की कापडवाल्याला हिमरू आणि मशरू आठवतात. मात्र याच शहरातला नवरदेव जी शेरवानी घालतो, ती बहुधा बाहेरगावी तयार झालेली असते. वर मशीनची शिलाई आणि आत इस्त्रीने चिकटवलेले बकरम. कापड आपले नाही, मजुरीही आपल्या कारागिराची नाही.

व्यापारी बांधवांनी याचा हिशेब मांडावा. पर्यटक हिमरूची शाल घेऊन गेला की व्यवहार संपतो. त्याच हातमागाच्या कापडाची शेरवानी विकली तर विणकर, शिंपी आणि काज-बटण करणारा, अशा तिघांच्या घरी चूल पेटते. अडचण ही, की असे कापड हाताने बेतणारे आणि शिवणारे उस्ताद फार थोडे उरले आहेत.

या कापडाला हातशिलाईच का हवी? मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेला. पुरुषाला रेशीम वर्ज्य, म्हणून ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. रेशीम वर दिसते, अंगाला सूत लागते. पण हे गुळगुळीत कापड मशीनखाली सरकते आणि शिलाईला चुण्या पडतात. हिमरूच्या पाठीला नक्षीचे सुटे धागे असतात, त्यामुळे अस्तर नीट बसवावे लागते. शेरवानीचा उभा गळा आणि छाती तर कॅनव्हासला बारीक टाके घालूनच घडते. अंगरख्याचे गणित आणखी निराळे: कळ्या, काखेतला चौबगला, छातीवरचा पर्दा. शिवणीत जादा कापड सोडले असेल, तर बापाची शेरवानी उसवून मुलाच्या मापाची होते. चिकटवलेल्या मालात ही सोय नाही.

हे शिकायचे कोठून? १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. अनेक घरांच्या पेट्यांत आजोबांची शेरवानी अजून सापडेल. तिला कात्री न लावता माप घ्यावे, कागदावर बेत उतरवावा, टाके मोजावेत. आधी मांजरपाटात शिवून अंगावर घालून पाहावे, मगच किमती कापडाला हात लावावा. हैदराबादचे सालारजंग आणि पुण्याचे राजा केळकर संग्रहालय शागिर्दांना अवश्य दाखवावे.

माझी सूचना साधी आहे. तीन-चार दुकानदारांनी मिळून एका उस्तादाला महिन्याचा पगार द्यावा आणि दोन शागिर्दांना विद्यावेतन. नगावर मजुरी मिळवणारा मुलगा फुकट शिकायला बसणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. भावात रेडिमेडशी बरोबरी करू नये, ती होणार नाही. गिऱ्हाईक हुनराची किंमत देईल, पण माल खरा हवा. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले, तर ही पेठ उभी राहण्याआधीच बसेल.

उस्तादांची बोटे चालतात तोवरच हे होईल. पुढच्या लग्नसराईच्या आत सुरुवात व्हावी.