स्टिअरिंगचे चामडे : आधी पारख, मग खर्च



आपल्या वस्तीतून भल्या पहाटे कामावर निघणाऱ्या माणसांत ड्रायव्हर मंडळी पुष्कळ आहेत. कोणी साहेबांची गाडी चालवतो, कोणी कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो, तर कोणी कर्ज काढून स्वतःची टुरिस्ट गाडी घेतली आहे. दिवसाचे दहा-बारा तास या माणसाचे हात एकाच वस्तूवर असतात, ती म्हणजे स्टिअरिंग. टायरची हवा, इंजिनचे ऑइल, ब्रेक यांकडे तो लक्ष देतो. स्टिअरिंगवरचे चामडे मात्र पार सोलून निघेपर्यंत कोणी पाहत नाही. मग एक दिवस तळहाताला काळे लागू लागते, घामाने पकड सुटते आणि घाईघाईने एखादे स्वस्त कव्हर आणून वर चढवले जाते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, खिशात हात घालण्यापूर्वी नेमके काय झिजले आहे ते पाहावे. रंग गेला असेल तर उपाय वेगळा, चामडे फाटले असेल तर वेगळा आणि आतला फोम दबला असेल तर आणखी वेगळा. ही पारख नसली की पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

आत काय असते?

स्टिअरिंगच्या आत धातूचा सांगाडा असतो. त्यावर घट्ट फोमचा थर ओतलेला असतो. त्या फोमवर साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे चामडे ताणून बसवतात आणि चाकाच्या आतल्या बाजूने शिवतात. शिवण आत असते म्हणून ती तळहाताला बोचत नाही.

प्रत्येक गाडीचे स्टिअरिंग चामड्याचे नसते, हेही ध्यानात घ्यावे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे चाक पातळ आणि कडक असे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्याचा निरोप घेतला. आजच्या स्वस्त गाड्यांत नुसत्या फोमचेच चाक असते, काहींत रेक्झिन असते. शिवणीजवळची कडा जरा उचलून पाहावी. रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते, खऱ्या चामड्याच्या मागे बारीक तंतू दिसतात. काडी लावून जाळून पाहण्याचा उद्योग मात्र गाडीत कोणी करू नये.

चामडे असेल तर झिजलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर वरचा थर शाबूत आहे, फक्त मळ साचला आहे. थेंब आत जिरून तिथे डाग गडद झाला तर वरचा रंग गेला आहे आणि चामडे उघडे पडले आहे. बोटाने दाबल्यावर खड्डा पडून तो तसाच राहत असेल तर आतला फोम बसला आहे. ही तिसरी अवस्था घरी दुरुस्त होत नाही. तिथे चाकच बदलावे लागते किंवा कारागिराकडून फोमपासून काम करून घ्यावे लागते.

तेलाने का भागत नाही?

चामडे कोरडे पडले की तेल लावावे, ही आपल्या घरातली जुनी रीत. कोल्हापुरी वहाणेला ती लागूही पडते, कारण ते चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले असते. त्यावर रंगाचे जाड कवच नसते, म्हणून तेल आत मुरते.

गाडीतले बहुतेक चामडे वेगळ्या रीतीने कमावतात. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या एका पद्धतीचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली घेतले. पुढे तीच वाट जगभर रूढ झाली. या रीतीने कमावलेले ओले चामडे निळसर दिसते. त्यावर मग रंग चढवतात आणि शेवटी पारदर्शक लेप देतात. आपण हाताने धरतो तो खरे तर हा लेप असतो. घाम, उन्हाचा ताप, हाताला लावलेले मलम आणि २०२० पासून अंगवळणी पडलेले सॅनिटायझर यांनी आधी हा लेप जातो, मग रंग जातो आणि सर्वांत शेवटी चामड्याची पाळी येते.

म्हणून खोबरेल तेल चोळले तर ते लेपावर तरंगत राहते आणि चाक निसरडे होते. बुटाचे पॉलिश लावले तर दोन दिवस चकाकते, नंतर हाताला आणि शर्टाच्या बाहीला लागते. डॅशबोर्ड चमकवणारा सिलिकॉनचा फवारा तर स्टिअरिंगवर कधीच मारू नये. वळणावर हात घसरला तर ती चमक फार महागात पडेल.

रंग गेला असेल तर

हे काम घरी होते. त्याला सुटीचा एक दिवस द्यावा.

पहिली पायरी सफाईची. सौम्य साबणाचे पाणी फडक्यावर घ्यावे, थेट चाकावर ओतू नये; हॉर्नच्या आणि बटणांच्या फटीत पाणी गेले तर दुसरेच दुखणे उभे राहते. मऊ ब्रशने हलके घासून मळ काढावा, ओल्या फडक्याने साबण पुसून घ्यावा आणि चाक वाळू द्यावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले फडके एकदा फिरवावे, म्हणजे चिकटलेला तेलकटपणा निघतो. हे करताना दारे उघडी ठेवावीत आणि जवळ विडी-काडी पेटवू नये.

दुसरी पायरी घासण्याची. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने उचकटलेले तंतू आणि रंगाच्या कडा हलक्या हाताने सपाट कराव्यात, मग १००० नंबरचा पेपर फिरवावा. जोर लावू नये. मुळात चामडेच जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. बारीक भेगा असतील तर चामड्यासाठी मिळणारा फिलर पातळ थरांनी भरावा, प्रत्येक थर वाळू द्यावा आणि पुन्हा पेपर मारावा.

तिसरी पायरी रंगाची. चामड्यासाठी असलेला, पाण्यात कालवलेला रंग आणावा. भिंतीचा किंवा लोखंडाचा रंग चालत नाही; तो लवचिक नसल्याने तडकतो. स्पंजने अगदी पातळ हात द्यावा, वाळवावा, पुन्हा द्यावा. चार-पाच पातळ हात टिकतात, एक जाड हात सोलून निघतो. शेवटी चामड्यासाठीचाच संरक्षक लेप द्यावा आणि तो चमक नसलेला घ्यावा. त्यानंतर निदान एक दिवस गाडी हलवू नये. हा शेवटचा लेप वाचवला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण उघडा रंग घामापुढे टिकत नाही.

फाटले असेल तर

शिवण उसवली असेल किंवा चामडे फाटून फोम दिसत असेल, तर रंगाने काही होणार नाही. तिथे नवे चामडे शिवूनच बसवावे लागते. दुकानात दोन प्रकारची कव्हरे मिळतात. एक नुसते वर चढवायचे, दुसरे दोन्ही कडांना भोके पाडलेले आणि सुई-दोऱ्याने शिवायचे. आमचा कौल दुसऱ्याला आहे. चढवलेले कव्हर ढिले असले तर जोरात वळवताना ते चाकावर फिरते. हात फिरतो, चाक मागे राहते. घाटात किंवा गर्दीच्या नाक्यावर तेवढा एक क्षण पुरेसा असतो.

शिवायचे कव्हर घेताना गाडीचे मॉडेल आणि साल सांगावे. शिवाय सुतळीने चाकाचा बाहेरचा घेर आणि मुठीत येतो तो जाडीचा घेर मोजून न्यावा. कव्हर अंगाला किंचित अपुरे वाटले पाहिजे. ताणून बसते तेच घट्ट राहते. जुने चामडे ढिले झाले असेल तर त्याचे टाके कापून ते आधी काढावे. नवे चामडे थोडे कोमट किंवा किंचित दमट केले की ताण घेते.

पुढचे काम ज्याच्या हाताला शिलाईची सवय आहे त्याचे. आमच्या कितीतरी भगिनी घरी शिलाई करून संसाराला हातभार लावतात. हे टाके त्यांना अवघड नाहीत. दोन सुया घ्याव्यात, दोन्ही कडांतून आलटून पालटून टाका घ्यावा आणि प्रत्येक टाका सारख्याच ताणाने ओढावा. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला असावा. सुती दोरा घामाने कुजतो. एकाने चामडे ताणून धरावे, दुसऱ्याने शिवावे. आऱ्यांजवळच्या कडा जुन्या चमच्याच्या दांड्याने आत दाबाव्यात. नवख्या हाताला अर्धा दिवस लागेल, लागू द्यावा. काम झाल्यावर गाडी उभी असताना चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. दोन्ही हातांनी पिळूनही चामडे जागचे हलले नाही, तरच गाडी रस्त्यावर काढावी.

मधल्या भागाला हात नको

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती स्टिअरिंगच्या मध्यभागी घडी करून ठेवलेली असते आणि धडक बसताच स्फोटक रसायनाच्या जोराने पापणी लवायच्या आत फुगते. म्हणून मधल्या झाकणावर चामडे, स्टिकर, शोभेची पट्टी काहीही लावू नये. चाक उतरवण्याची गरज पडली तर ते काम जाणत्या मेकॅनिकचेच आहे. बॅटरी सोडवून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून मगच तो हात लावतो. इथे घरगुती हुशारी नको. आम्ही वर सांगितलेली रंगाची आणि शिवणीची कामे चाक गाडीवरून न काढताच होतात.

खर्च कोणाचा, मोल कोणाचे?

पगारी ड्रायव्हर बांधवांना एक गोष्ट सांगणे जरूर आहे. स्टिअरिंगचे कव्हर फाटले की अनेक जण आपल्याच पगारातून गुपचूप नवे आणतात. हात माझे आहेत, मग खर्चही माझाच, अशी समजूत करून घेतात. ब्रेकचे लायनर तुम्ही पदरचे आणता का? पकड हा गाडीच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. गाडी मालकाची, तर हा खर्चही मालकाचा. नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे, दुकानाची पावती घ्यावी आणि ती हिशेबात लावावी.

दुसरी गोष्ट मजुरीची. चामड्याला लागणारा हात ज्या समाजाने खालचा ठरवला, त्याच समाजाच्या मोटारीत आज चामड्याचे स्टिअरिंग हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. काम कधीच खालचे नव्हते. ते जन्मावरून लादले गेले आणि त्याचे मोल नाकारले गेले, हा अन्याय होता. आज सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या धारावीतल्या दुकानांत चामड्याच्या वस्तू मांडलेल्या दिसतात. त्यांच्यामागे आरी आणि रापी चालवणारे हात आहेत. अशा कारागिराकडून किंवा सीट कव्हर शिवणाऱ्याकडून काम करून घ्याल, तेव्हा भाव आधी ठरवा, चामडे खरे की रेक्झिन ते विचारून घ्या आणि ठरलेली मजुरी पूर्ण द्या. मोठ्या शोरूममध्ये आपण छापील किंमत निमूटपणे मोजतो; घासाघीस करायची ती फूटपाथवर बसलेल्या माणसाशीच, ही रीत आपल्या घरांतून तरी जावी.

आणि आपल्या तरुण मुलामुलींपैकी कोणाला हे काम स्वखुशीने शिकावेसे वाटले तर त्याला नाक मुरडू नये. शाळा-कॉलेज सोडून नव्हे, त्याच्या जोडीने. आधी एखाद्या जुन्या, टाकाऊ चाकावर हात बसवावा, मगच गिऱ्हाइकाची गाडी घ्यावी.

या रविवारी एवढे तरी करा. पांढरे ओले फडके घ्या आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात पडतात तिथे पुसा. फडक्याला तपकिरी मळ लागला तर साबणपाण्याने भागेल. काळा रंग लागला तर लेप गेला आहे, आता उशीर करू नका. बोटाला तंतू किंवा फोम लागला तर सुई-दोरा काढण्याची वेळ आली आहे.