टापटीप आणि तिची मर्यादा

सुवाच्य अक्षर हा विद्यार्थ्याचा पहिला अलंकार होय, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. समर्थ रामदासांनीं तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिला आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळींतील अंतर सारखें असावें, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सर्व लेखन एकाच टाकानें झाल्यासारखें दिसावें, असा त्यांचा उपदेश आहे. हा उपदेश पोथ्या नकलून घेण्याच्या काळचा. आतां त्याचें काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ज्या लेखनावर आजचा व्यवहार चालतो, त्या संगणकाच्या लेखनांत नेमका हाच प्रश्न रोज उभा राहतो. त्याचा निकाल तेथें कसा लावावा, हें पाहिल्यास आपल्यासही त्यांतून कांहीं घेण्यासारखें आहे.

मोताळ्याच्या बाजारांत लोकांच्या हातीं जे मोबाईल दिसतात, त्यांतील बहुतेक अँड्रॉइडवर चालतात, आणि अँड्रॉइडच्या बुडाशीं लिनक्स नांवाच्या कार्यप्रणालीचा गाभा आहे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. पुढें जगांतील हजारों लोकांनीं त्यांत भर घातली. आपण मोबाईलमध्यें सातबाऱ्याचें छायाचित्र किंवा फीची पावती जपून ठेवितों. ती कोठें ठेवावी, कोणत्या नांवानें शोधावी, कोणास उघडूं द्यावी, ही सर्व व्यवस्था ‘फाईल सिस्टिम’ पाहते. या व्यवस्थेंतील मूळ व्याख्या एका फाईलींत एकत्र लिहिलेल्या असतात. तिला ‘हेडर’ म्हणतात. कचेरींतील छापील नमुन्याप्रमाणें तिचें काम असतें. ती स्वतः थोडें करते, परंतु इतर पुष्कळ फाईली तिच्या आधारानें लिहिल्या जातात.

एवढ्या वर्षांत एवढ्या हातांनीं लिहिलेल्या लेखनांत अव्यवस्था शिरली नसती, तरच नवल. म्हणून लिनक्सच्या मंडळींनीं आपलें नियमपत्र केलें आहे. दर पायरीस आठ अक्षरांएवढें अंतर सोडून ओळ आंत घ्यावी. ओळ शक्यतों ८० अक्षरांत आटोपावी. २०२० सालीं तपासणीच्या कार्यक्रमानें ही मर्यादा १०० अक्षरांपर्यंत सैल केली. फंक्शनच्या नुसत्या घोषणेपुढें ‘एक्स्टर्न’ हा अनावश्यक शब्द लावूं नये. तसेंच, फंक्शनला जीं मूल्यें द्यावयाचीं, त्यांच्या प्रकाराबरोबर त्यांचीं नांवेंही लिहावीं. हा शेवटचा नियम विशेष मार्मिक आहे. एखाद्या अर्जावर ‘संख्या, संख्या’ एवढेंच छापलें, तर कोणत्या रकान्यांत लांबी लिहावी व कोणत्या रकान्यांत रुंदी, हें भरणाऱ्यास कसें कळावें?

आतां खरें सांगावयाचें तर, यंत्राला यांपैकीं कशाचीही गरज नाहीं. ओळ आंत असो वा बाहेर, मूल्यास नांव असो वा नसो, कंपायलर तिचा अर्थ तोच घेतो. मग हा खटाटोप कशासाठीं? तो माणसासाठीं आहे. लेखन एकदां लिहिलें जातें, पण अनेकदां वाचलें जातें. आणि वाचणारा डोळा अर्थाच्या आधीं मांडणी पाहतो.

मांडणी डोळ्यास कशी फसविते, याचा दाखला २०१४ च्या फेब्रुवारींत जगास मिळाला. त्या महिन्यांत ॲपल कंपनीस आयफोनसाठीं तांतडीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. समोरचें संकेतस्थळ अस्सल आहे कीं नाहीं, हें तपासणाऱ्या भागांत ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदां पडली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती. दुसरी कोणत्याही अटीखालीं नव्हती. परंतु तीही तितकीच आंत घेऊन लिहिलेली असल्यामुळें अटीखालीं असल्यासारखी दिसे. परिणाम असा झाला कीं, सहीची पडताळणी पुरी न होतांच ‘ठीक आहे’ असा निर्वाळा मिळूं लागला. पुढें २०१६ सालीं जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तींत अशा फसव्या मांडणीविषयीं इशारा देण्याची सोय करण्यांत आली. यावरून मांडणी म्हणजे केवळ शोभा नव्हे, हें स्पष्ट होतें.

येथवर वाचून एखादा उत्साही तरुण म्हणेल, ‘तर मग आजच बसतों आणि सगळी फाईल स्वच्छ करून टाकतों.’ त्यानें जरा थांबावें. चालत्या गाड्यास खीळ कां घालावी, असें म्हणणाऱ्या अनुभवी लोकांचाही एक पक्ष आहे, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. लिनक्सच्या कामासाठीं २००५ सालापासून ‘गिट’ नांवाची रोजकीर्द वापरली जाते. कोणती ओळ शेवटीं कोणीं व कोणत्या कारणानें बदलली, हें तींत पाहतां येतें. नुसत्या टापटिपीसाठीं हजार ओळींस हात लावला, तर त्या हजार ओळींवर टापटीप करणाराचेंच नांव चढतें आणि मूळ कारण शोधणारास आणखी मागें जावें लागतें. शिवाय त्याच ओळींवर दुसरे लोक काम करीत असतील, तर त्यांचें काम व हें काम एकमेकांस अडतें. हेडरसारख्या सामाईक फाईलींत तर ही अडचण अनेकांच्या दारीं जाते.

तिसरा धोका सर्वांत मोठा. ‘ध’चा ‘मा’ ही म्हण आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रांतील ‘धरावें’ या शब्दाचें कोणीं ‘मारावें’ केलें, असें परंपरा सांगते. ती गोष्ट इतिहासास कितपत मान्य, हा वाद बाजूस ठेवूं. तिचें तात्पर्य मात्र खरें आहे. ‘मी अक्षरच तेवढें सुधारतों’ असें म्हणणाऱ्या हातूनही अर्थ बदलूं शकतो, आणि शेंकडों निरुपद्रवी बदलांच्या गर्दींत तो एक घातक बदल तपासणाराच्या डोळ्यांतून निसटतो.

म्हणून आमचें मत असें आहे. सामाईक लेखन स्वच्छ ठेवणें हें कर्तव्यच होय. परंतु अक्षर सुधारण्याचें काम आणि अर्थ बदलण्याचें काम एकाच वेळीं, एकाच दुरुस्तींत कधींही करूं नये. ज्यानें टापटीप केली, त्यानें दुसरें कांहीं केलें नाहीं, हें त्याला दाखवितां आलें पाहिजे. यंत्रासाठीं तयार होणारें आधीचें व नंतरचें रूप ताडून पाहणें, हा त्याचा एक चांगला मार्ग आहे. तसेंच ज्या भागांत कांहीं कारणानें हात घालावाच लागणार, तो भाग आधीं झाडून घ्यावा; दुसऱ्याचें घर तो कामांत असतां उगाच झाडावयास जाऊं नये. नियम तपासणाऱ्या कार्यक्रमाचा सल्ला ऐकावा, पण शेवटचा निर्णय माणसाच्या विवेकानें करावा.

विद्यार्थिमित्रांनो, लिनक्सचा गाभा सर्वांस वाचावयास खुला आहे. मोताळ्याचा विद्यार्थीही तो वाचूं शकतो. अनेक नवखे लोक तेथें अशाच लहानसहान टापटिपीनें प्रवेश करतात, आणि त्यांत कमीपणा नाहीं. मात्र आपलें नांव यादींत लागावें एवढ्याचसाठीं ओळी हलविणें ही सेवा नव्हे. आणि पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, वही स्वच्छ ठेव असें मुलास सांगतांना आपण त्याला केवळ शोभा शिकवीत नाहीं. आपल्यामागून वाचणाऱ्या अनोळखी माणसाची चिंता वाहण्यास शिकवितों. कच्च्या वहींतील गणित पक्क्या वहींत उतरवितांना अक्षर खुशाल सुंदर करावें. उत्तर बदलावेंसें वाटलें, तर मात्र आधीं गणित पुन्हां करून पाहावें.