डोळे मिटून उड्या नकोत

छोट्या ट्रॅम्पोलिनवर मळमळत असेल तर डोळे मिटून उड्या माराव्यात, हा गेल्या अंकातल्या पत्रातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. आतला कान वर-खाली होणारी हालचाल टिपतो. त्याचं आणि डोळ्यांचं जुळलं नाही की पोटात ढवळतं. डोळे मिटले तर तोल सावरायचा मोठा आधारच जातो, आणि घरात तर शेजारीच पलंगाची कड असते! त्यापेक्षा समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक टिकली चिकटवा आणि नजर तिच्यावरच ठेवा. टीव्ही, मोबाइल बंद. पावलं न उचलता नुसतं गुडघ्यांत हलकं झुला, तेही दोनेक मिनिटं. मळमळू लागताच थांबा. प्रवासातली उलटीची गोळी घेऊन तर मुळीच चढू नका, तिनं झापड येते. उतरल्यावरही खोली गरगरत राहिली, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक, सातारा