कंपनी बदलली, पण वायफायची चावी कोणाकडे?

२०२५ या एका वर्षात आपल्या घरांवर किती ऑनलाइन कामे येऊन पडली ते बघा. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्याला लागू झाला. म्हणजे मलकापूर, खामगाव, चिखलीच्या मुलामुलींनाही पसंतीक्रम पोर्टलवरच भरावा लागला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. ६ जून २०२५ ला केंद्राचे ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि मस्जिद, दर्गाह, कब्रस्तानच्या वक्फ जमिनींची कागदपत्रे सहा महिन्यांत चढवा, असे मुतवल्ली साहेबांना सांगण्यात आले. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि अडचण असेल त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले. हजचा अर्ज तर आधीपासूनच ऑनलाइन आहे.

अशा वेळी घरातली लाइन बंद पडली तर नुकसान फक्त रील्स बघण्याचे होत नाही. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांतून लोक कंपनी बदलू लागले आहेत. कोणी केबलवाल्याची लाइन सोडून फायबर घेतो, कोणी छतावर एअरफायबरचा डबा बसवतो. बदलायला हरकत नाही. पण बदलताना काय काय हातचे सुटते, याचा विचार आपल्याकडे कमी होतो.

पहिली गोष्ट. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवी लाइन घेतली म्हणजे जुनी आपोआप बंद होत नाही, तिचे बिल चढत राहू शकते. म्हणून आधी नवी लाइन सुरू करा, दोन-चार दिवस तपासा, मग जुनी बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा ॲपवरून द्या. जुन्या कंपनीचा डबा परत करताना पावती घ्या. अनामत रक्कम त्याच पावतीवर मागता येते.

दुसरी गोष्ट राउटरची. फायबर ज्या डब्यात येऊन घुसते त्याला ओएनटी म्हणतात. तो बहुधा कंपनीचाच असतो आणि त्याच्या अनुक्रमांकाची नोंद कंपनीकडे असते, त्यामुळे जुन्या कंपनीचा डबा नव्या लाइनवर सहसा चालत नाही. पण वायफाय राउटर तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर तो भंगारात टाकू नका. नव्या डब्यातून निघणारी वायर राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या छिद्रात लावा. तरीही लाल दिवा जात नसेल तर बरेचदा आत जुन्या कंपनीचे युजरनेम-पासवर्ड बसलेले असतात. मागचे रिसेटचे बारीक बटन पिनेने दहा सेकंद दाबून धरा, राउटर कोरा होतो. मग त्याच्या स्टिकरवर छापलेला पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका आणि नवी माहिती भरा. नव्या कंपनीला युजरनेम लागत असेल तर तंत्रज्ञ घरात असतानाच ते वहीत लिहून घ्या.

जागाही बघून निवडा. दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर आतल्या खोलीत पोहोचणार नाही. घराच्या मध्यभागी, थोडा उंच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंती ओलांडून लांब जातो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण जवळच चालतो. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवा. लाइट वारंवार जाते तिथे राउटरपुरता छोटा यूपीएस फार कामाचा.

आता मुद्द्याचे बोलू. तंत्रज्ञ पाच मिनिटांत पासवर्ड टाकून जातो. मोबाइल नंबर, कंपनीचे नाव आणि एक-दोन-तीन, असाच काहीतरी. शेजारीपाजारी, दुकानातला पोऱ्या, पाहुण्यांची मुले, सगळ्यांना तो पाठ. काही जण तर ‘सगळे फोन आपोआप जोडले जावेत’ म्हणून नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड देतात. सोय होते खरी, पण जुना पासवर्ड माहीत असलेले सगळेच पुन्हा आत येतात.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक धमकीचा ईमेल गेला. तपास पोहोचला नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. ईमेल त्याने पाठवला नव्हता, त्याचे वायफाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले. तरी चौकशीला सामोरे जावे लागले ते त्यालाच. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या एका कॉलेजचे आणि एका कंपनीचे वायफायही असेच वापरले गेले.

याचे कारण साधे आहे. घरातल्या दहा फोनवरून काहीही केले तरी बाहेर दिसतो तो एकाच लाइनचा पत्ता, आणि ती लाइन ज्याच्या नावावर, त्याचे नाव कंपनीच्या नोंदीत असते. एखाद्या स्टेटसवरून, एखाद्या पोस्टवरून वातावरण तापते त्या दिवसांत पोलीस पहिल्यांदा त्याच नावापर्यंत येतात. आपल्या मोहल्ल्यातल्या अब्बांनी, चाचांनी हे नीट समजून घ्यावे. निर्दोष सुटणे वेगळे आणि चौकशीचे दिवस काढणे वेगळे.

याचा अर्थ शेजाऱ्याला दार लावून घ्यायचे असा नाही. शेजाऱ्याचा हक्क आम्ही मानतो, आणि परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलीला नेट देणे हे नेक कामच आहे. त्यासाठी बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असते. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, महिन्याला बदला. मात्र बाहेर पत्ता तुमच्याच लाइनचा दिसतो, म्हणून तो ओळखीच्यांनाच द्या. मुख्य पासवर्ड बारा अक्षरांच्या वर ठेवा, सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा. राउटरच्या आतल्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. नाहीतर चावी तंत्रज्ञाकडेच राहिली म्हणायची.

कंपनी ऐकत नसेल तर? तक्रार क्रमांक घ्या, मग त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

सरकारलाही विचारले पाहिजे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तिलाच आज भारतनेट म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका मुस्लिम विद्यार्थिनीच्याच याचिकेवर म्हटले. प्रवेश, वक्फ आणि केवायसी फक्त ऑनलाइन करायची असेल, तर गावातल्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत चालू लाइन आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारायला हवे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी एका रविवारी दहा-दहा घरांचे राउटर तपासून द्यावेत. मस्जिद कमिटीने कार्यालयाच्या लाइनचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे याची नोंद ठेवावी. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस येण्याआधी हे झाले, तर ऐन वेळी सायबर कॅफेची रांग तरी चुकेल.