गुरुवारपर्यंत

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण सांगते, पण त्याआधी नातेवाईक मंडळींना एक विनंती. हे वाचता वाचता लगेच फोन लावू नका. आधी पूर्ण वाचा, मग करा. आणि केलात तर रडू नका, उलट मलाच तुमची समजूत घालत बसावं लागतं :)

गेल्या महिन्यात अंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली. शेंगदाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून आठ दिवस गप्प बसले. हा माझा मूर्खपणा. आपल्याकडे दुखलं की दवाखाना, नाही दुखलं की काही नाही, असा हिशेब असतो. पण छातीतली वाईट गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आताच सांगून ठेवते.

मग शिरूरला सोनोग्राफी, पुण्याला मॅमोग्राफी, आणि गेल्या गुरुवारी बायॉप्सी. रिपोर्ट येत्या गुरुवारी. आज सोमवार.

म्हणजे मला काय झालंय हे मला अजून माहीत नाही. आणि लिहायचं आहे ते नेमकं याच 'माहीत नाही'बद्दल. रिपोर्ट आल्यावर लिहायला घेतलं तर हे दिवस कसे होते ते मी विसरून जाईन. चांगला आला तर हसून विसरेन, वाईट आला तर दुसरीच कामं मागे लागतील.

मॅमोग्राफीच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, 'बायरॅड्स ४ बी'. हा काही आजाराचा टप्पा नव्हे. फोटो बघून डॉक्टरांना किती संशय वाटतो त्याची ती पायरी आहे. १ आणि २ म्हणजे काळजी नाही, ५ म्हणजे जवळजवळ खात्री, आणि ४ म्हणजे संशय आहे, तुकडा काढून बघा. त्यातही ए, बी, सी. बी म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता १० ते ५० टक्के. मी ४ वाचलं आणि 'चौथी स्टेज' समजून पार्किंगमध्ये खाली बसले. हे जवळ होते म्हणून बरं. परत आत जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. माझ्यासारखं कोणी बसू नये म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

पण उलगडा झाला तरी १० ते ५० हा आकडा काही झोपू देत नाही. १० म्हणजे फार नाही, ५० म्हणजे नाणेफेक. मन रात्री दोन्ही टोकांना हेलपाटे घालतं.

यावर लंडनमध्ये झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. ४५ माणसांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उचलायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा छोटा झटका. प्रत्येक वेळी त्यांचा घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसं सर्वात जास्त घाबरली असतील असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. सर्वात जास्त ताण आला तो बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना. वाचून मला बरं वाटलं. म्हणजे मी भित्री नाही, माणूस आहे.

आता मला जे म्हणायचं आहे ते. या पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं की हे 'माहीत नसणं' दोन प्रकारचं असतं. एक, जे अजून कोणालाच माहीत नाही. आणि दुसरं, जे कोणाला तरी माहीत आहे पण मला सांगितलेलं नाही. पहिलं सोसावंच लागतं, त्याला इलाज नाही. दुसरं मात्र माणसांनी तयार केलेलं असतं, आणि जास्त छळतं तेच.

पहिल्या प्रकाराचं आधी सांगते. रिपोर्टला आठ दिवस का लागतात? मला वाटायचं कागद कुठल्यातरी टेबलावर पडून राहतो. मी तिथल्या तंत्रज्ञ ताईंना विचारलं, त्यांनी दोन मिनिटं काढून सांगितलं. काढलेले तुकडे म्हणजे बारीक शेवया. ते आधी फॉर्मालिनमध्ये मुरावे लागतात, छातीच्या तुकड्यांना निदान सहा तास तरी. मग अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढायचं, पॅराफिन मेणात त्याची वडी पाडायची. त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप करायचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. मग निळाजांभळा आणि गुलाबी असे दोन रंग द्यायचे, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. शंका आली तर आणखी वेगळे रंग, म्हणजे आणखी काही दिवस. उशीर झाला म्हणजे बातमी वाईट असं नाही, सांभाळून बघताहेत इतकंच. आणि या आठ-दहा दिवसांत आजार काही हाताबाहेर पळत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

हे कळल्यापासून रात्री जाग आली की मी मनात म्हणते, आता वडी पाडली असेल, आता काप चालले असतील. हसू नका. भीती कमी होत नाही, पण तिला बसायला एक जागा मिळते. नुसतं 'धीर धर' म्हणणाऱ्यांनी मला त्या ताईंच्या दोन मिनिटांइतका धीर दिला नाही.

आता दुसरा प्रकार. हा आमच्या घरातला आहे.

आमच्या सासरी एक आत्या होत्या. १९९८ साली त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला. घरातल्या पुरुष माणसांना सगळं माहीत होतं. आत्यांना सांगितलं होतं, पोटाला सूज आहे. मी तेव्हा घरात नवीन होते, मलाही दटावलेलं, 'तिच्यापुढं तो शब्द काढायचा नाही.' आजही आमच्याकडे तो शब्द निघत नाही. 'मोठा आजार' म्हणतात, 'तसलं काही' म्हणतात. मी आत्यांच्या उशाशी बसून सुजेच्या गप्पा मारल्या. एक दिवस त्यांनी आपली बोरमाळ काढून पुतणीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'घालून बघ, मला आता जड होती.' त्यांना सगळं कळलेलं होतं. फक्त बोलायला कोणी ठेवलं नव्हतं आम्ही. त्यांना भीती वाटू नये म्हणून आम्ही त्यांना भीतीबरोबर एकटं सोडलं.

हे मला गेल्या गुरुवारी आठवलं, कारण बायॉप्सीनंतर काउंटरवर रिपोर्टसाठी मोबाईल नंबर विचारला आणि ह्यांनी चटकन स्वतःचा सांगितला. मी म्हटलं, 'नाही, माझा लिहा.' काउंटरवरच्या मुलाने दोघांकडे बघितलं आणि माझा लिहिला.

शिक्रापूर येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर म्हणाले, 'मला आधी कळलं असतं तर तुला नीट सांगता आलं असतं.' मी म्हटलं, 'तुम्ही नीट नसतं सांगितलं. थोडं सांगितलं असतं.' मग पुन्हा शांतता. माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही. कंपनीत तिन्ही शिफ्ट काढून गेले महिनाभर माझ्यामागे हॉस्पिटलं फिरतोय. पण प्रेम करणारी माणसंच हे करतात, म्हणून तर त्याला नाही म्हणणं अवघड जातं. रांजणगावचा फाटा आला तेव्हा ठरलं, मेसेज माझ्या फोनवर येणार, आणि दोघं मिळून उघडणार. त्याआधी कोणीही एकट्याने नाही. मीही नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तो शब्द वापरून. मला वाटलं रडारड होईल. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, 'वन्संला सांगितलं नव्हतं तेव्हा. मला वाटायचं सांगावं. पण माझं कोण ऐकणार होतं.' इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कांदाचाळीत घेऊन गेल्या आणि सडका कांदा निवडायला बसवलं. 'हात रिकामे ठेवू नको,' एवढंच. खरं सांगते, या पाच दिवसांत सगळ्यात बरे गेलेले तास कांद्यात गेले.

आमच्या भाड्याच्या खोल्यांत धाराशिवकडची एक मुलगी राहते, नवरा एमआयडीसीत. तिच्या कानावर गेलं. ती म्हणाली, 'काकू, आमच्या आईला तपासलं होतं लहानपणी, बार्शीचे डॉक्टर गावात आले होते.' तिला तपशील ठाऊक नाही, पण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असं मोठं काम खरंच झालं. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी वेगवेगळ्या तपासण्या केल्या, एका गटाला नेहमीचीच सेवा ठेवली. २००९ साली निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्या आत्यांचाच आजार तो. त्या हजारो बायकांपैकी कित्येकींनी माझ्यासारखीच रिपोर्टची वाट बघितली असेल, चुलीपुढे, शेतात, कोणाला काही न बोलता. त्यांच्या वाट बघण्यातून आज जगाला माहिती मिळाली. मला त्यांची आठवण सारखी येते.

आणि बोलण्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. २००४ साली ऐन निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कर्करोग निघाला. राजकारण कोणाचं काही असो, पण त्या माणसाने नंतर जाहीर सभांमधून तो शब्द उच्चारला, तंबाखू-गुटख्याचं नाव घेतलं, सोडा म्हणून सांगितलं. पारावरच्या गप्पांत तो शब्द पहिल्यांदा सरळ निघाला तो त्यामुळे, असं मला वाटतं. बायकांच्या छातीच्या आणि गर्भाशयाच्या बाबतीत तो अजून आमच्या पारावर यायचाय. माजघरात आला तरी चालेल.

'पण काही माणसांना खरंच नको असतं ऐकायला,' असं माझी नणंद म्हणाली. बरोबर आहे. मग त्यांनी तसं सांगावं, आणि घरच्यांनी ऐकावं. पण आधी विचारा तरी. आत्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टर मंडळींकडेही एक मागणं आहे. तुकडा काढल्यावर बाईच्या हातात तीन गोष्टी लिहून द्या: रिपोर्ट कधी येणार, कोण सांगणार, आणि उशीर झाला तर कुठल्या नंबरवर विचारायचं. एका चिठ्ठीवर मावेल एवढं काम आहे. त्या चिठ्ठीने आजार बरा होणार नाही, पण आठ रात्रींपैकी दोन-तीन तरी झोपेच्या होतील.

आणि वाट बघणाऱ्या बायांनो, मला आतापर्यंत जे उपयोगी पडलं ते असं. रात्री नऊनंतर मोबाईलवर आजार शोधायचा नाही, त्या वेळी तिथे फक्त मेलेली माणसं भेटतात. काळजी करायला संध्याकाळचा अर्धा तास ठरवून घ्यायचा, पाय मोकळे करत. तेवढ्यात मावत नाही, पण दिवसभर सांडत तरी नाही. प्रश्न वहीत लिहायचे, म्हणजे डॉक्टरांसमोर डोकं रिकामं होत नाही. घरातल्या एका माणसाला सगळं सांगायचं, सगळं म्हणजे सगळं. आणि नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला. सासूबाई महागणपतीला बोलल्या आहेत, मी अडवलं नाही. फक्त तारीख चुकवायची नाही, देवाचीही आणि डॉक्टरांचीही.

छातीतल्या गाठींपैकी बहुतेक साध्या निघतात, हे मी रोज स्वतःला सांगते. रोज पटतंच असं नाही.

आता खाली कंपनीच्या बसेस लागल्यात, दुसरी पाळी सुटली. हे येतील एवढ्यात. पोळ्या व्हायच्यात अजून. गुरुवारी मेसेज आला की आम्ही दोघं उघडू, मग सासूबाईंना सांगू, मग तुम्हाला. जे असेल ते, तो शब्द असेल तर तो शब्द वापरून.

असो. आता करा फोन.